शिबिराआधी हिशेब: शाळा आणि गावच्या आरोग्य उपक्रमांत पैसा कुठे घालावा (सीमाभागातल्या नव्या कार्यकर्त्यांसाठी)

जून उजाडला की बेळगाव, खानापूर, निपाणी पट्ट्यातल्या मराठी शाळांच्या मुख्याध्यापकांना फोन येऊ लागतात. पुण्याला, मुंबईला, गोव्याला नोकरीला गेलेल्या माजी विद्यार्थ्यांनी वर्गणी काढलेली असते. गल्लीतल्या गणेशोत्सव मंडळाकडे मागच्या वर्षीची शिल्लक असते. महिला मंडळाला यंदा वाणाचे स्टीलचे डबे नको झालेले असतात. सगळ्यांचं म्हणणं एकच, "मुलांच्या आरोग्यासाठी काहीतरी करूया." रक्कम वीस-पंचवीस हजार, फार तर पन्नास. आणि हे ‘काहीतरी’ बहुतेक वेळा एकाच ठिकाणी जाऊन थांबतं: मोफत आरोग्य शिबिर. मंडप, डिजिटल बोर्ड, पाहुण्यांना शाल-श्रीफळ, दुपारी मसालेभात आणि संध्याकाळी व्हॉट्सअॅपवर फोटो. ‘३०० जणांनी लाभ घेतला.’

त्या ३०० पैकी किती जणांचं काय बदललं, हे तीन महिन्यांनी विचारलं की आयोजक गप्प होतात. समजा, शिबिराला ४५,००० रुपये लागले. ४० जणांचा रक्तदाब वाढलेला सापडला. त्यातले सहाच जण तीन महिन्यांनी गोळ्या चालू ठेवून आहेत. मग खर्च माणशी १५० रुपये झाला असं म्हणायचं, की ७,५०० रुपये? मी ७,५०० म्हणेन. त्याच गोळ्या प्राथमिक आरोग्य केंद्रात फुकट मिळतात, हेही त्यात धरायचं.

हा लेख नव्याने या कामात पडणाऱ्यांसाठी आहे: एसडीएमसीचे (शाळा विकास आणि देखरेख समितीचे) सदस्य, नवे शिक्षक, मंडळाची पोरं-पोरी, आशाताई, निवृत्तीनंतर गावी आलेले लोक. अर्थशास्त्र शिकलेलं असण्याची गरज नाही. वही, पेन आणि कटू आकडा ऐकायची तयारी एवढं पुरे.

पहिली पायरी: सरकार आधीच काय देतं ते लिहून काढा

ही पायरी सगळे गाळतात आणि निम्मा पैसा इथेच वाया जातो. कर्नाटकातल्या सरकारी शाळेत, मग ती मराठी माध्यमाची का असेना, आरोग्याच्या बऱ्याच गोष्टी आधीपासून येतात.

जंताची गोळी सहसा १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्टच्या सुमारास दिली जाते. १ ते १९ वर्षांच्या सगळ्यांना अल्बेंडाझोल ४०० मिलिग्रॅम, एक ते दोन वर्षांच्या बाळांना अर्धी. त्या दिवशी गैरहजर राहिलेल्यांसाठी आठवड्याभराने पुन्हा एक दिवस ठेवलेला असतो. लोहाची गोळी आठवड्यातून एकदा: ५ ते ९ वर्षांच्या मुलांना गुलाबी, १० ते १९ वर्षांच्यांना निळी, जिच्यात ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक अॅसिड असतं. आरबीएसकेचं, म्हणजे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं, फिरतं पथक २०१३ पासून आहे. ते शाळेत वर्षातून एकदा आणि अंगणवाडीत दोनदा येऊन मुलं तपासतं. १० आणि १६ व्या वर्षी टीडीची, म्हणजे धनुर्वात आणि घटसर्पाची, लस असते. अक्षर दासोहाचं दुपारचं जेवण, २०१३ पासून क्षीरभाग्यचं दूध आणि आता अंडी किंवा केळी हे वेगळंच. अंधत्व नियंत्रण कार्यक्रमातून शाळकरी मुलांना चष्मेही मिळतात, फक्त मागणी आणि पाठपुरावा करणारं कोणीतरी लागतं.

ही यादी घेऊन मुख्याध्यापकांकडे, मग प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांकडे आणि जमलं तर तालुका आरोग्य अधिकाऱ्यांच्या कार्यालयात जा. प्रत्येक ओळीपुढे तीन प्रश्न विचारायचे. येतं का? वेळेवर येतं का? आलेलं मुलाच्या पोटात, डोळ्यावर, दंडावर पोचतं का? तुमच्या पैशाची खरी किंमत या तिसऱ्या प्रश्नात आहे. गोळी सरकारने घेतलेली असते, वाहतूक झालेली असते, शिक्षकांचं प्रशिक्षण झालेलं असतं. शेवटच्या दोन हातांवर सगळं अडतं. तिथे घातलेले हजार रुपये नव्याने काही सुरू करायला घातलेल्या दहा हजारांपेक्षा जास्त काम करतात.

लोहाच्या गोळीचंच घ्या. गोळी सुरू झाली की शौचाला काळं होतं. यात धोक्याचं काही नाही, लोहामुळे तसं होतंच. पण कोणी आधी सांगितलेलं नसतं, घरी आई घाबरते, शेजारणीला सांगते आणि पंधरा दिवसांत शाळेच्या मागच्या गटारात निळ्या गोळ्या दिसू लागतात. रिकाम्या पोटी गोळी दिली तर मळमळतं, ती तक्रार वेगळी. आलेली पत्रकं कानडीत असतात आणि घरी वाचणारी आजी मराठी. इथे काय खर्च करायचा? एसडीएमसीच्या बैठकीत दहा मिनिटं मराठीतून समजावणं, एक पान झेरॉक्स, गोळी दुपारच्या जेवणानंतर शिक्षकांच्या समोर पाण्याबरोबर घ्यायची शिस्त आणि गोळीनंतर तास-दोन तास चहा नको ही सूचना. दोनशे मुलांच्या शाळेत पाचशे रुपयेही लागत नाहीत. याहून स्वस्त आणि परिणामकारक काम मला तरी या भागात माहीत नाही.

गरज आहे का, हा प्रश्न इथे फार रेंगाळत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) कर्नाटकातल्या ६ ते ५९ महिन्यांच्या ६५.५ टक्के मुलांमध्ये आणि १५ ते ४९ वर्षांच्या ४७.८ टक्के बायकांमध्ये रक्तक्षय आढळला होता.

दुसरी पायरी: एकच परिणाम निवडा आणि तो मोजता येईल असा निवडा

‘जनजागृती झाली’ हा परिणाम नव्हे. ‘हात धुण्याचं महत्त्व पटलं’ हाही नव्हे. परिणाम म्हणजे असं काही, जे तिऱ्हाईत माणूस येऊन पाहू शकतो. तीन महिन्यांनी चष्मा घालून बसलेली मुलं. सलग बारा आठवडे गोळी घेतलेल्या मुली. हिमोग्लोबिन वाढलेली मुलं. आरबीएसकेने जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवलेल्यांपैकी प्रत्यक्षात जाऊन उपचार घेऊन आलेली मुलं.

हा शेवटचा परिणाम सीमाभागात विशेष लक्ष देण्यासारखा आहे. पथक मूल तपासतं, हृदयाचा आवाज वेगळा वाटतो, चिठ्ठी देतं. चिठ्ठी दप्तरात राहते. बापाला सुगीत रोजगार बुडवून बेळगावला जायचं म्हणजे एका दिवसाचे पैसे गेले आणि तिथे कुठल्या खिडकीवर कानडीत काय विचारायचं ही धास्ती. त्या दिवशी बरोबर जाणारा एक माणूस द्या, बसभाडं द्या. तपासणीवर सरकारचा खर्च होऊन गेलेलाच आहे, तुमच्या पाचशे-सहाशे रुपयांनी तो फळाला येतो.

निपाणी बाजूला तंबाखू. २००३ च्या कायद्याने शाळेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखूजन्य पदार्थ विकायला बंदी आहे. पिवळा पट्टा मारून घेणं आणि पंचायतीला अर्ज देणं याला खर्च नगण्य. परिणाम मात्र कित्येक वर्षांनी दिसणारा, तुमच्या वहीत मावणार नाही. अशा कामांचा हिशेब मांडत बसू नका, ती करून मोकळं व्हा.

तिसरी पायरी: खर्च सगळ्यांचा धरा

पावत्यांची बेरीज म्हणजे खर्च नव्हे. चार रकाने आखा.

पहिला, तुमच्या खिशातून गेलेले पैसे. दुसरा, सरकारने दिलेल्या वस्तू: गोळ्या, चष्मे, गाडी. तिसरा, लोकांचा वेळ: शिक्षक, आशा, अंगणवाडीताई, तुमचे स्वयंसेवक. चौथा, कुटुंबाचा खर्च: बसभाडं, बुडालेला रोजगार, बाहेर घेतलेलं औषध.

तिसऱ्या रकान्याला नवे लोक हसतात. "सरांना पगार आहेच की." आहे, पण ते चार तास वर्गातून काढलेत. दोन शिक्षकांच्या शाळेत एक सर डोळे तपासत बसले तर चार वर्गांचं शिकवणं एकाच बाईंवर पडतं. आशाताईंचा दिवस फुकट नाही, त्या तुमच्याकडे आल्या म्हणजे कुठलं तरी बाळंतीण-भेटीचं काम पुढे गेलं. म्हणून त्या वेळेला दिवसाच्या कमाईइतकी किंमत लावायची. ती कोणाला द्यायची नसली तरी कागदावर येऊ दे.

वजनकाटा, उंची मोजायची पट्टी, हिमोग्लोबिनचं यंत्र अशा टिकाऊ वस्तूंची सगळी किंमत पहिल्याच वर्षावर टाकू नका. काटा पाच वर्षं चालणार असेल तर दरवर्षी पाचवा हिस्सा. हिमोग्लोबिनच्या यंत्राचं उलट असतं: यंत्र एकदा येतं, पट्ट्या कायम लागतात आणि पट्टीला मुदत असते. देणगीत यंत्र मिळालं म्हणून खूश होण्याआधी वर्षाच्या पट्ट्यांचा भाव विचारा.

आकडा मोठा की छोटा हे कळायला एक माप हाताशी असू द्या. दुपारच्या जेवणाच्या साहित्याचा सरकारी दर १ मे २०२५ पासून प्राथमिकच्या मुलामागे दिवसाला ६.७८ रुपये आणि उच्च प्राथमिकला १०.१७ रुपये आहे, धान्य वेगळं. वर्षाचे २२० दिवस धरले तर प्राथमिकच्या मुलाच्या डाळ-भाजी-तेल-इंधनाला साधारण १,४९२ रुपये होतात. तुमचा एका दिवसाचा उपक्रम मुलामागे १,५०० वर जात असेल तर तो वर्षभराच्या आमटी-भाजीइतकं काही देतो का, हा प्रश्न बैठकीत मोठ्याने विचारा.

चौथी पायरी: उपक्रम नसता तर काय झालं असतं?

जुलैत हिमोग्लोबिन तपासलं, जानेवारीत पुन्हा तपासलं, वाढलं. म्हणजे आपल्यामुळे वाढलं? थांबा. जुलै म्हणजे आपल्याकडे नट्टीचे, म्हणजे भातलावणीचे दिवस. घरातली माणसं चिखलात, चूल वेळेवर पेटत नाही, मुलं तापाने आणि हगवणीने बेजार. जानेवारीत सुगी झालेली, घरात धान्य आलेलं, हवा कोरडी. काही न करताही आकडा थोडा वर सरकेल.

दुसरी गोम अशी. तुम्ही सगळ्यांत कमी आकडा आलेली वीस मुलं निवडलीत. त्यातल्या काहींचा आकडा त्या दिवशी निव्वळ योगायोगाने कमी आला होता, बोट नीट टोचलं नसेल, थेंब पिळून काढला असेल. पुन्हा मोजल्यावर ती मुलं आपोआप ‘सुधारतात’.

उपाय सोपा आहे. शेजारची, साधारण तशीच एक शाळा घ्या, जिथे तुमचा उपक्रम पुढच्या वर्षी जाणार आहे. दोन्हीकडे त्याच आठवड्यात, त्याच यंत्राने, त्याच माणसाने मोजा. तुमच्या शाळेत वाढ जेवढी झाली त्यातून शेजारच्या शाळेतली वाढ वजा करा. उरेल ते तुमचं. मात्र फार कमी रक्त असलेलं मूल कुठल्याही शाळेत सापडलं तरी त्याला त्याच दिवशी आरोग्य केंद्रात न्यायचं. तुलनेसाठी कोणाला विनाउपचार ठेवायचं नाही. पालकांची लेखी परवानगी आधी, मराठीत.

पाचवी पायरी: एक हिशेब पूर्ण करून पाहू

चष्म्याचं उदाहरण घेतो, कारण ते डोळ्यांनी दिसतं. पुढचे आकडे समजुतीसाठी कल्पून घेतले आहेत, तुमच्याकडचे वेगळे येतील. चार शाळा, मिळून ४०० मुलं, मंडळाकडे १२,००० रुपये.

पद्धत एक. बेळगावहून नेत्रतपासनीस दोन दिवस बोलावले. गाडी, मानधन, जेवण मिळून १२,००० संपले. २० मुलांना चष्मा हवा असं निघालं, चिठ्ठ्या दिल्या. ८ पालकांनी चष्मा आणला: ६०० चा चष्मा, बसभाडं आणि बुडालेला रोजगार मिळून ५००, म्हणजे आठ घरांचे ८,८००. तीन महिन्यांनी चष्मा घालणारी मुलं ५. सगळ्यांचा खर्च २०,८००. चष्मा घालणाऱ्या प्रत्येक मुलामागे ४,१६० रुपये.

पद्धत दोन. प्रत्येक शाळेतल्या एका शिक्षकाला तक्ता देऊन पहिली चाळणी त्यांच्याकडून करून घेतली. चार तक्ते ४०० रुपये. शंका आली अशी ३६ मुलं. त्यांना एका शाळेत आणायला १,८००. नेत्रतपासनीस अर्धा दिवस, ३,५००. चष्मा लागला १८ जणांना, ३५० च्या भावाने घाऊक चष्मे ६,३००, शाळेतच वाटले. खिशातून गेले तेच १२,०००. शिक्षकांचे चार दिवस, दिवसाला १,५०० धरून, ६,०००. एकूण १८,०००. तीन महिन्यांनी घालणारी मुलं १३. मुलामागे साधारण १,३८५.

मंडळाच्या खिशाला दोन्ही पद्धती सारख्याच पडल्या. पावत्या पाहून कोणालाच फरक कळला नसता. पहिल्या पद्धतीत आठ घरांनी गुपचूप भरलेले पैसे आणि चिठ्ठी खिशात घालून विसरून गेलेली बारा घरं, हे वहीत आल्यावरच चित्र पालटलं. हेही लपवू नका की शिक्षकांच्या चाळणीतून दोन मुलं सुटली: तज्ज्ञांना २० सापडली होती, इथे १८. तरीही मी दुसरी पद्धत घेईन.

चाळणी करताना काही बारकावे पाळले नाहीत तर हिशेब बिघडतो. तक्ता इंग्रजी ‘ई’ च्या आकाराचा घ्या, ज्यात मुलाने बोटांनी दिशा दाखवायची असते. अक्षरांचा तक्ता रांगेतली मागची मुलं ऐकून पाठ करतात. व्हरांड्यात सहा मीटर टेपने मोजून खडूची रेघ मारा, पावलं मोजून नको. डोळा तळहाताने झाकायचा, बोटांच्या फटीतून हमखास बघितलं जातं. खानापूर तालुक्यातल्या जांबोटी-कणकुंबी बाजूला जुलैत तपासणी ठेवू नका. त्या पावसात कौलारू व्हरांड्यात भरदुपारी अंधार असतो, बरं दिसणारं मूलही ओळ चुकतं, आणि विनाकारण पुढे पाठवलेल्या प्रत्येक मुलाला गाडीभाडं लागतं. दसऱ्याच्या सुट्टीनंतरचा स्वच्छ उजेड घ्या.

आणि फ्रेम मुलाला निवडू द्या. गोल, तपकिरी, आजोबांची वाटणारी फ्रेम दिली की ती कंपासपेटीत जाते. मुलींच्या बाबतीत ‘चष्मा लागला तर लग्नाला अडचण’ हे घरातून आलेलं असतं, तिथे आईशी बोलायला बाईंनाच जाऊ द्या.

सहावी पायरी: पुढचं एक मूल कितीला पडतं?

सरासरीवर थांबू नका. दुसऱ्या पद्धतीत महिनाभराने आणखी एक फेरी जोडली, मोडलेल्या काड्या बदलल्या, घरी बोललो, ३,००० लागले आणि घालणारी मुलं १३ वरून १६ झाली. ही वाढीव तीन मुलं प्रत्येकी १,००० ला पडली, आधीच्या सरासरीपेक्षा स्वस्त. फेरी करण्यासारखी.

आता उरलेल्या दोघांतलं एक मूल भीमगड अभयारण्यातल्या वस्तीवरचं आहे असं धरा. आमगाव, गवाळी, पास्तोली, कृष्णापूर, तळेवाडी ही नावं खानापुरात कोणालाही विचारा. पावसाळ्यात तिथून आजारी माणसाला बाहेर काढणं म्हणजे नाले ओलांडून खांद्यावर वाहून आणणं. तिथल्या एका मुलासाठी जीप, माणूस, अख्खा दिवस मिळून ५,००० लागतील. निव्वळ हिशेबाने हे मूल नेहमी शेवटी राहील, दरवर्षी, प्रत्येक उपक्रमात.

माझं मत असं की हा निर्णय हिशेबाच्या वहीने घ्यायचाच नाही. एकूण रकमेतला एक हिस्सा, समजा पाचवा, ‘लांबच्या वस्त्यांसाठी’ म्हणून आधीच बाजूला काढा आणि त्या हिश्श्याच्या आत स्वस्त-महाग बघा. एका फेरीत डोळे, लस, गोळी, गरोदर बाईची तपासणी असं सगळं जोडून न्या, म्हणजे जीपचं भाडं चार कामांत वाटलं जाईल. बैठकीच्या ठरावात हे स्पष्ट लिहा, नाहीतर पुढच्या वर्षीचा उत्साही खजिनदार ‘महाग पडतं’ म्हणून पहिली कात्री तिथेच लावेल.

सातवी पायरी: मोठी संशोधनं कशी वाचायची

या विषयावरचा एक उत्तम दाखला आपल्याच जिल्ह्यातला आहे. बाळंतपणानंतरच्या अतिरक्तस्रावावर मिसोप्रोस्टॉल या गोळीचा अभ्यास २००२ ते २००५ मध्ये बेळगाव जिल्ह्यात झाला. जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजचे डॉक्टर त्यात होते, आणि गोळ्या देणाऱ्या होत्या गावोगावच्या नर्सबाई, घरी किंवा उपकेंद्रात बाळंतपण करणाऱ्या. १,६२० बाया, निम्म्यांना ६०० मायक्रोग्रॅम औषध, निम्म्यांना तशीच दिसणारी औषधाविना गोळी. २००६ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निकाल छापून आला: अतिरक्तस्राव १२ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर.

हा निकाल आपल्या भाषेत आणायचा असा. फरक ५.६ टक्के. १०० ला ५.६ ने भागलं की साधारण १८. म्हणजे १८ बायांना औषध दिलं की एकीचा अतिरक्तस्राव टळतो. आता मात्रेचा खर्च समजा ६० रुपये धरला, तर एक अतिरक्तस्राव टाळायला १,०८० रुपये. रात्री रक्त थांबत नाही म्हणून गाडी करून शहर गाठण्याचं भाडं आठवा. कुठल्याही उपक्रमाला हा प्रश्न विचारा: किती जणांना दिल्यावर एकाला फरक पडतो? डोस स्वस्त असून चालत नाही, तो आकडाही लहान असावा लागतो.

जंताच्या गोळीचा किस्सा जास्त गुंतागुंतीचा आहे. केनियात बुसिया भागातल्या ७५ शाळांतल्या जंतनिर्मूलनावर एडवर्ड मिगेल आणि मायकेल क्रेमर या अर्थतज्ज्ञांनी २००४ मध्ये लेख लिहिला. शाळेतली गैरहजेरी चौथ्या हिश्श्याने घटली आणि गोळी न घेतलेल्या आसपासच्या मुलांनाही फायदा झाला, कारण मातीतले जंतच कमी झाले, असं त्यांनी दाखवलं. क्रेमर यांना २०१९ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. पुढे कॉक्रेन या, अनेक अभ्यास एकत्र तपासणाऱ्या संस्थेच्या पुनरावलोकनांनी म्हटलं की सरसकट गोळ्या वाटण्याने वजन, हिमोग्लोबिन किंवा अभ्यास सुधारतो याचा भक्कम पुरावा दिसत नाही. हा वाद अजून मिटलेला नाही. जागतिक आरोग्य संघटना जंतांचं प्रमाण २० टक्के किंवा अधिक असेल तिथे वर्षातून एकदा आणि ५० टक्क्यांच्या वर असेल तिथे दोनदा गोळी द्या म्हणते. तुम्ही यातून घ्यायचं ते एवढंच, की दुसरीकडे मिळालेला फायदा जसाच्या तसा आपल्या गावात येत नाही. तिथे किती मुलांना जंत होते, ते आधी पाहायचं. आपल्याकडे गोळी सरकार देतंच आहे, तेव्हा तुमचा पैसा गोळीत नव्हे, संडासात पाणी आणि नळाशी साबण राहील यात घाला.

अहवालांत ‘डॅली’ नावाचं एकक भेटेल. १९९३ च्या जागतिक बँकेच्या विकास अहवालाने ते चलनात आणलं. अकाली मृत्यूने गेलेली वर्षं आणि आजारपणात, अपंगत्वात काढलेली वर्षं यांची ती बेरीज. त्यामुळे चष्मा आणि मलेरियाची तुलना एका मापात करता येते. मंत्रालयात बसून राज्याचा पैसा वाटणाऱ्यांना ते लागतं, चार शाळांच्या मंडळाला नाही. दरडोई उत्पन्नाच्या एक ते तीन पट खर्चापर्यंत उपक्रम ‘परवडणारा’ हा जुना ठोकताळाही दिसेल. एकटा तोच आकडा धरून निर्णय घेऊ नका, असं पुढे जागतिक आरोग्य संघटनेतल्या तज्ज्ञांनीच सांगितलं. परवडणं हे शेवटी तुमच्या खजिन्यात काय आहे त्यावर ठरतं.

आठवी पायरी: वर्षाचं वेळापत्रक आणि कागद

जून: सरकारी सेवांची यादी, एक परिणाम निवडणं, पहिली मोजणी. पहिल्या पंधरवड्यात मुलं धड आलेली नसतात, तिसऱ्या आठवड्यात मोजा. जुलै ते ऑगस्टचा पहिला आठवडा नट्टीचा, पालकांची सभा ठेवली तर कोणी येणार नाही. ऑगस्टमधल्या जंताच्या गोळीला गैरहजर मुलांची यादी करून त्यांना आठवड्याने घरून आणणं, हे काम मंडळाच्या पोरांना द्या. नोव्हेंबर-डिसेंबर डोळे. जानेवारीत दुसरी मोजणी. फेब्रुवारीत पुन्हा गोळी. मार्चमध्ये शाळेला परीक्षेखेरीज काही सुचत नाही, त्यांच्या वाटेला जाऊ नका.

पैसे कमी पडले तर गावच्या आरोग्य, स्वच्छता आणि पोषण समितीचा वर्षाला १०,००० रुपयांचा अबंधित, म्हणजे गरजेप्रमाणे वापरता येणारा, निधी असतो. आशाताई आणि पंचायत सदस्यांना विचारा, अनेक ठिकाणी तो मार्चअखेर घाईघाईने संपवला जातो.

सीमेवरची एक खास अडचण नोंदीत येते. कुद्रेमानीचं कुटुंब दवाखान्याला सीमेपलीकडे चंदगडला जातं, निपाणीचं कोल्हापूरला. महाराष्ट्राने २०२३ मध्ये सीमाभागातल्या ८६५ गावांना महात्मा फुले जन आरोग्य योजना लागू करण्याचं जाहीर केलं, कर्नाटकाची आपली योजना आहेच. त्यामुळे मुलाचा उपचार कुठे झाला, कोणत्या योजनेतून झाला, हे पालकांना विचारून लिहिल्याशिवाय तुमचं ‘उपचार न मिळालेलं’ मूल खरं तर बरं होऊन बसलेलं असू शकतं. राजकारण बाजूला ठेवा, रकाना मात्र आखा.

देणगीदारांना अहवाल एका पानाचा द्या: काय बदलायचं ठरवलं होतं, किती मुलांत बदललं, चार रकान्यांचा खर्च, एका बदललेल्या मुलामागे किती पडले, पुढचं एक मूल कितीला पडेल, काय जमलं नाही. फोटो एक, तोही पाहुण्यांचा नको. दोन वर्षं ओळीने मुलामागचा खर्च वाढत गेला आणि परिणाम तेवढाच राहिला, तर उपक्रम बंद करायचा की सरकारी यंत्रणेकडे सोपवायचा, यावर ठराव घ्या.

अहवालाची एक प्रत कानडीत करून तालुका आरोग्य अधिकारी आणि बीईओ (गटशिक्षणाधिकारी) कार्यालयात पोच घेऊन द्या. मराठी प्रत तिथे वाचली जाईलच असं नाही, आणि पुढच्या वर्षी चष्मे मागताना हीच पोच दाखवता येते. मूळ वही शाळेच्या कपाटात ठेवा, एसडीएमसी अध्यक्षांच्या घरी नको. समिती बदलली की घरातली वही सापडत नाही.